नावाचा धर्म विचारणाऱ्यांनो, आधी अर्थ विचारा

गेल्या वर्षी आम्हाला मुलगा झाला. अकीका चार दिवसांवर आला तरी नाव ठरत नव्हतं. मी घरात एक नाव सुचवलं: बातर. मंगोलियात घरोघरी ऐकू येणारा शब्द आहे हा.

दोन दिवसांत दोन उत्तरं मिळाली. फुफी म्हणाली, "मंगोलांचं नाव? ज्यांनी बगदाद जाळलं, खलिफाला मारलं, त्यांचं नाव माझ्या भावाच्या नातवाला ठेवणार तू?" दुसरं उत्तर ऑफिसखालच्या चहाच्या टपरीवर मिळालं. मित्र म्हणाला, "मंगोलियन म्हणजे चंगेझ खानवालं ना? तो तर तुमच्यातलाच. पण सध्याच्या वातावरणात जरा जपून रे."

फुफीला ते नाव पुरेसं मुसलमान वाटलं नाही. मित्राला ते जरा जास्तच मुसलमान वाटलं. नाव एकच. आणि दोघांपैकी एकानेही "याचा अर्थ काय?" असं विचारलं नाही.

माझं भांडण या न विचारण्याशी आहे. हे भांडण मंगोल नावांवरूनच करायचं आहे, कारण ती समजून घेतली की आपल्या डोक्यातल्या बऱ्याच भिंती आपोआप पडतात.

बगमधून कळलेली गोष्ट

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. इतिहास माझा विषय नाही. मंगोल नावांशी माझी गाठ पडली ती एका बगमुळे.

आमची टीम पगारपत्रकाच्या सॉफ्टवेअरवर काम करत होती. एका ग्राहकाचे काही कर्मचारी उलानबातरला होते. आमच्या प्रोग्रामने गृहीत धरलं होतं की आडनाव सारखं तर कुटुंब एक. मंगोलियाचा डेटा आला आणि हे गृहीतक कोसळलं. तिथे रोजच्या वापरात आडनाव नसतंच. आधी वडिलांचं नाव 'चा' लावून, मग स्वतःचं. 2009 ते 2017 या काळात मंगोलियाचे राष्ट्राध्यक्ष होते त्साखियागीन एल्बेगदोर्ज, म्हणजे त्साखियाचा एल्बेगदोर्ज. त्यांच्या मुलाच्या नावाआधी एल्बेगदोर्ज लागणार, त्साखिया नाही. बाप आणि लेक, दोघांच्या 'आडनावाच्या' रकान्यात वेगवेगळी नावं.

दुसरा घोळ याहून मोठा. भाषांतर करून आलेल्या तक्त्यात एका ओळीत नावाच्या जागी लिहिलं होतं: 'नाव नाही'. टेस्टिंगवाल्याने ती ओळ रिकामी समजून उडवली. आठवड्याने उलानबातरहून विचारणा आली की आमचा एक माणूस यादीतून गेला कुठे? त्या माणसाचं नावच 'नेरगुइ' होतं. मंगोल भाषेत नेरगुइ म्हणजे 'नाव नसलेला'. ते त्याचं खरंखुरं, कागदोपत्री नाव होतं.

तिथल्या सहकाऱ्याने त्या दिवशी फोनवर मला जे सांगितलं, त्यानंतर मी दोन वर्षं फावल्या वेळात हेच वाचत राहिलो.

चंगेझ खान 'आमच्यातला' नव्हता

आधी मित्राचं उत्तर घेऊ, कारण ते उत्तर तुम्हीही शाळेत, कॉलेजात कधीतरी ऐकलं असेल.

चंगेझ खान मुसलमान नव्हता. तो तेंग्रीला, म्हणजे सनातन निळ्या आकाशाला मानणारा होता. 'खान' हा त्या गवताळ प्रदेशातल्या टोळीप्रमुखाचा किताब. तो इस्लाममधून आलेला नाही. तिथून तो तुर्की-फारसीच्या वाटेने आपल्या गल्लीतल्या खानांपर्यंत पोचला. त्याचा नातू कुबलाई हाही खानच, आणि त्याने बौद्ध लामांना आश्रय दिला. चंगेझच्या फौजांनी 1220 मध्ये बुखारा आणि समरकंद, 1221 मध्ये निशापूर आणि मर्व उद्ध्वस्त केली. ही शहरं मुसलमानांची होती. 1258 मध्ये त्याचा दुसरा नातू हुलागू याने बगदाद लुटलं. म्हणजे ज्याच्या तलवारीने मुसलमानांची सगळ्यात मोठी शहरं ओस पडली, त्याचा हिशेब आज पुण्यातल्या टपरीवर एका मुसलमानाकडे मागितला जातो. कारण काय, तर 'खान'.

मराठीत आपण "इथे काय मोगलाई लागून गेली आहे का?" असं म्हणतो. 'मोगल' हा शब्द म्हणजे 'मंगोल'चंच फारसी रूप. गंमत अशी की बाबरच्या घराण्याने स्वतःला 'गुरकानी' म्हणवलं. त्यामागे मंगोल शब्द आहे 'कुरेगेन', म्हणजे जावई. तैमूरने चंगेझच्या वंशातली राजकन्या केली होती आणि तो जावई असण्याचाच मान मिरवायचा. ज्या घराण्याला आपण सातशे खून करणारे म्हणून ओळखतो, ते स्वतःची ओळख 'जावयाचं घर' अशी सांगत होतं.

आता फुफीचं उत्तर. शत्रूचं नाव कसं ठेवायचं? तेराव्या शतकातल्या 'मंगोलांचा गुप्त इतिहास' या ग्रंथात चंगेझच्या जन्माची हकीकत आहे. त्याचा बाप येसुगेई याने तातार टोळीच्या तेमूजिन नावाच्या सरदाराला लढाईत पकडून आणलं. त्याच सुमारास मुलगा जन्मला. बापाने मुलाचं नाव ठेवलं तेमूजिन. जगातल्या सगळ्यात प्रसिद्ध मंगोल माणसाचं पाळण्यातलं नाव हे शत्रूचं नाव होतं.

पुढे हुलागूचाच चुलतभाऊ बेर्के याने इस्लाम स्वीकारला आणि 1262 मध्ये हुलागूविरुद्ध युद्ध पुकारलं. इतिहास आजही त्याला बेर्के याच मंगोल नावाने ओळखतो. एकाच घराण्यातले, एकाच भाषेतली नावं असलेले दोन भाऊ. एकाने बगदाद लुटलं, दुसरा त्याच्यावर चालून गेला. मग दोष नावाच्या भाषेत शोधायचा कसा?

तुर्की मालिकेमुळे आपल्या घराघरांत 'एर्तुगरुल'चं वेड आलं, तेव्हा मंगोल म्हणजे तो क्रूर नोयान, एवढंच पोरांच्या डोक्यात बसलं. 'नोयान' हे नाव नव्हे, हुद्दा आहे. सरदार, धनी असा त्याचा अर्थ. आपण अर्थ न विचारता चिडलो आणि अर्थ न विचारताच मुलांना योद्ध्यांची नावं ठेवायला धावलो.

पोलाद, रत्न, वज्र, शनी

मग मंगोल मुलांच्या नावांत असतं तरी काय?

धातू असतो. तोमोर म्हणजे लोखंड. तेमूजिनच्या मुळाशी हेच लोखंड आहे आणि तैमूर हे त्याचंच तुर्की भावंड. बोल्द म्हणजे पोलाद. हा शब्द नुसता अर्थाने नाही, जन्मानेही आपल्या 'पोलाद'चा सख्खा आहे. फारसी 'पूलाद' पूर्वेला गेला तो बोल्द झाला, दक्षिणेला आला तो पोलाद झाला. बात म्हणजे भक्कम. मोंख म्हणजे सनातन. या शब्दांचे जोड करायचे: बातबोल्द, मोंखबात. उणे चाळीसपर्यंत पारा उतरणाऱ्या हिवाळ्यात गुरं राखणाऱ्या लोकांनी मुलासाठी मागितलेली ही दुआ आहे: टिकून राहा.

पण सगळंच लोखंड नाही. एंखबयार म्हणजे शांती आणि आनंद. आपला 'अमर' म्हणजे न मरणारा. मंगोल 'अमर' म्हणजे शांत, निवांत.

आणि संस्कृतही आहे. एर्देन हे तिथलं लाडकं नाव; ते आलं 'रत्न' या शब्दावरून. ओचिर आलं 'वज्र'वरून. व्यापारी आणि बौद्ध भिक्खू मध्य आशियातून चालत गेले, त्यांच्या तोंडी शब्दांची रूपं बदलत गेली. मंगळाला मंगोल म्हणतात आंगराग. अंगारकी चतुर्थीला शेजारच्या काकूंकडचा प्रसाद खाल्लेल्यांना हा 'अंगारक' ओळखीचा वाटेल. सांचिर हे आजही मुलांना ठेवलं जाणारं नाव आहे. सांचिर म्हणजे शनैश्चर, आपला शनी! महाराष्ट्रात कोण आई आपल्या मुलाला शनी म्हणून हाक मारेल? तिथे ते रुबाबदार नाव आहे.

मग तिबेट आला. 1578 मध्ये मंगोल राजा अल्तान खान तिबेटी गुरू सोनम ग्यात्सो यांना भेटला आणि त्याने त्यांना 'दलाई' हा किताब दिला. दलाई हा मंगोल शब्द आहे, अर्थ समुद्र. किताब मंगोलांनी दिला, बदल्यात धर्म आणि नावं घेतली. दवा, ल्हाग्वा, पुरेव, ब्याम्बा ही तिबेटी वारांची नावं: सोमवार, बुधवार, गुरुवार, शनिवार. मूल ज्या वारी जन्मलं, ते त्याचं नाव. परकं वाटतंय? आपला जुम्मन कुठून आला? रमजान, ईदू कुठून आले? एल्बेगदोर्ज या नावाचा पहिला अर्धा भाग मंगोल, 'भरपूर'. दुसरा तिबेटी, 'वज्र'. तरीही त्या माणसाला कुणी अर्धा मंगोल म्हटलं नाही.

याच देशाच्या पश्चिम टोकाला बायान-उल्गी प्रांत आहे. तिथे बहुसंख्य कझाख मुसलमान राहतात, गरुड पाळून शिकार करतात. त्यांच्या भाषेत बातरला म्हणतात बातिर. शेजारच्या बौद्धाचा आणि यांचा हा शब्द एकच, आणि त्याने कुणाचा ईमान धोक्यात आलेला नाही.

ज्याच्या नावात धर्म होता

नावावरून माणूस ओळखणाऱ्यांनी चोइबाल्सानची गोष्ट ऐकावी. 1930 च्या दशकात मंगोलियाची सत्ता त्याच्या हाती आली. स्टालिनच्या पाठिंब्याने त्याने मठ पाडले, हजारो लामांना गोळ्या घातल्या. त्याचं 'चोइबाल्सान' हे नाव तिबेटी. पोरवयात मठात शिकायला गेला तेव्हा मिळालेलं. त्यातल्या 'चोइ'चा अर्थ आहे धर्म. धर्म नावात घेऊन फिरणाऱ्याने धर्मस्थळं जमीनदोस्त केली.

त्याच राजवटीने आधी, 1925 मध्ये, कुळांची नावं वापरायला बंदी घातली होती. दोन-तीन पिढ्यांत लोक आपलं कूळ विसरून गेले. 1990 च्या दशकात कुळाची नावं परत आली तेव्हा अनेकांना आपलं कूळ आठवेना, आणि असंख्य लोकांनी सरळ चंगेझचं 'बोर्जिगिन' उचललं. अपवाद गुर्रागचा. 1981 मध्ये सोव्हिएत यानातून अंतराळात गेलेला हा पहिला मंगोल. त्याने राजाचं कूळ घेतलं नाही. त्याने नाव घेतलं 'सान्सार', म्हणजे अंतराळ. आपल्या 'संसार' या शब्दाचंच ते मंगोल रूप. उसन्या मोठेपणापेक्षा स्वतःच्या कमाईचं नाव. मला हा माणूस फार आवडतो.

नेरगुइ: नाव लपवण्याची युक्ती

आता त्या 'नाव नाही' नावाकडे येतो. माझं खरं दुखणं इथे आहे.

मंगोल घरात मुलं जगत नसली की पुढच्या मुलाला मुद्दाम असं नाव ठेवायचे की वाईट आत्म्यांना ते सापडू नये. नेरगुइ, 'नाव नसलेला'. एनेबिश, 'हा नव्हे'. खुनबिश, 'माणूस नव्हे'. मूनोखोई, 'वाईट कुत्रा'. आत्मा दारात येऊन विचारणार, मूल कुठे आहे? घर म्हणणार, इथे मूल नाही, कुत्रा आहे. आपल्या गावांत धोंडू, दगडू, केरू, भिकू ही नावं याच भीतीतून आली. आपल्याकडचे फकीरही. यात हसण्यासारखं काही नाही. एक पोर गमावलेल्या आईने दुसऱ्याभोवती घातलेलं ते कुंपण आहे.

माझ्या पिढीचे आईबाप आज काय करतात? 'दोन्हीकडे चालेल' असं नाव शोधतात. ऐकून कळू नये असं. मी त्यांना नावं ठेवत नाही. पुण्यात भाड्याचं घर शोधताना माझं फोनवर सगळं ठरलं होतं, डिपॉझिटसकट. शेवटी नाव विचारलं. मी सांगितलं. दोन सेकंद शांतता. मग उत्तर: "अहो, मालकांचा भाऊच राहायला येतोय." त्या दोन सेकंदांतून गेलेला बाप मुलाचं नाव काय ठेवेल, हे मला समजतं. तो त्याला नेरगुइ ठेवतो आहे. कुणाला सापडू नये म्हणून.

पण मित्रांनो, ही युक्ती आपल्याकडे चालणार नाही. मंगोलियातला आत्मा कागद तपासत नाही. आपल्याकडचा फॉर्म मात्र पहिल्या रकान्यात फसला तरी दुसऱ्यात वडिलांचं नाव विचारतो, तिसऱ्यात आडनाव. मुलगा 'कळणार नाही' असा, पण बाप युसूफ आणि आडनाव शेख. लपायचं कुठवर? आणि लपलेल्या मुलाला आपण काय शिकवतो? की तुझ्यात काहीतरी लपवण्यासारखं आहे. घर नाकारणाऱ्याला प्रश्न विचारणं, तक्रार करणं, कायदा आणि संविधान यांचा हात धरून उभं राहणं, हे मोठ्यांचं काम आहे. ते ओझं सात दिवसांच्या बाळाच्या नावावर टाकू नका.

याची दुसरी बाजूही भीतीच आहे. काही घरांत असं अरबी नाव शोधतात जे गल्लीत दुसऱ्या कुणाचं नसेल आणि ज्याचा उच्चार आजीलाही जमणार नाही. अर्थ विचारला तर उत्तर येतं, "कुरआनात आहे." कुरआनात असलेला प्रत्येक शब्द नाव होत नाही. पैगंबरसाहेबांनी एका बाईचं 'आसिया' हे नाव बदलून 'जमीला' ठेवलं, ही हदीस प्रसिद्ध आहे. ही आसिया ऐनने लिहिली जाणारी, अर्थ 'अवज्ञा करणारी'. जमीला म्हणजे सुंदर. दोन्ही शब्द अरबीच होते. बदलला तो अर्थ. आणि आपण मात्र भाषा तपासत बसलो आहोत.

याच मातीत मालोजी भोसल्यांनी शाह शरीफ या पिराच्या नावावरून आपल्या मुलांची नावं शहाजी आणि शरीफजी ठेवली, असं परंपरा सांगते. नाव देण्याघेण्याची लाज तेव्हा कुणाला वाटली नव्हती. आपल्यालाच ती कधीपासून वाटायला लागली?

बातर कुणाचा?

शेवटी फुफीकडे गेलो. तिला विचारलं, "फुफी, बातरचा अर्थ सांगू?"

बातर म्हणजे वीर. उलानबातर म्हणजे लाल वीर. 1924 मध्ये राजधानीला हे नाव दिलं. सुखबातर, 1921 च्या क्रांतीचा नेता, म्हणजे कुऱ्हाडवीर. या शब्दाचं जुनं रूप 'बगातुर', गवताळ प्रदेशातल्या मंगोल आणि तुर्की टोळ्यांचा शब्द. त्यांच्याकडून तो फारसीत गेला, फारसीतून हिंदुस्तानात आला. इथे आल्यावर त्याचा झाला 'बहादूर'.

फुफी गप्प झाली. कारण तिच्या अब्बांचं, म्हणजे माझ्या दादाजींचं नाव बहादूर. आयुष्यभर ते याच नावाने मशिदीत गेले, बाजारात गेले, गावच्या उरुसात आणि गणपतीच्या मांडवात गेले. कुणी त्यांना मंगोल म्हटलं नाही, कुणी त्यांना बगदादचा जाब विचारला नाही. जे नाव घरात चालणार नव्हतं, ते घरच्या रेशन कार्डावर पहिल्या ओळीत होतं.

आमच्या मुलाचं नाव आम्ही बहादूर ठेवलं. फुफीनेच त्याच्या कानात सांगितलं. टपरीवरच्या मित्राला मी सगळं समजावलं, तेव्हा त्याने चहाचे पैसे दिले आणि म्हणाला, "म्हणजे आमच्या गावचा तो बहादूर पाटील पण मंगोल का रे?" मी म्हटलं, तोही मंगोल, मीही, आणि तूही थोडासा. तुझ्या घरातलं पोलाद कुठून आलं ते एकदा बघ.

तुमच्या घरात बाळ येईल तेव्हा नाव ठेवा. मराठी, अरबी, फारसी, हवं तर मंगोल. पण लपण्यासाठी ठेवू नका आणि मिरवण्यासाठीही ठेवू नका. ते मूल मोठं होऊन विचारेल, "माझं नाव हे का?" तेव्हा त्याला सांगता येईल असं एक उत्तर तुमच्याकडे असू द्या.